मुलीच्या कपाळावर पुटकुळ्या: सौम्य काय निवडावे आणि काय लावू नये?

अबोली_फोंडा | ८ जून, रात्री ९.४५

नमस्कार. माझी मुलगी साडेदहा वर्षांची असून सहावीत शिकते. मे महिन्याच्या सुट्टीत ती पेडण्याला आजोळी होती. तिथून परतली तेव्हा तिच्या कपाळावर, केस सुरू होतात त्या रेषेलगत, तांदळाच्या कणीएवढ्या बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. सुरुवातीला मी त्यांना घामोळे समजले. परंतु पाऊस लागून हवा निवली तरी त्या गेल्या नाहीत, उलट नाकाच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके दिसू लागले आणि हनुवटीवर एक लाल, दुखरी पुळीही आली.

खरी काळजी वाटली ती काल, रविवारी. ती न्हाणीतून बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी दार वाजवले, तर कपाळ लालबुंद करून घेऊन ती बाहेर आली. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीने तिला अक्रोडाच्या टरफलांचे कण असलेला स्क्रब दिला होता. तो तिने दोनदा खसाखसा चोळला होता आणि वर टूथपेस्ट लावून ठेवली होती. "वर्गात सगळी विचारतात, तोंडाला काय झालंय म्हणून," एवढेच ती बोलली आणि पुढचे केस ओढून तिने कपाळ झाकून घेतले.

भाचीने तिला मोबाइलवर एक यादीही पाठवली आहे, ज्यात सकाळी पाच आणि रात्री सात बाटल्या सांगितल्या आहेत. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी आणि दोन-तीन प्रकारची आम्ले त्यात आहेत. सासूबाईंचे मत अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. हे वयाचेच लक्षण असून हळद आणि दुधाची साय पुरेशी आहे, असे त्या म्हणतात. मला मुलीच्या चेहऱ्यावर प्रयोग करायचे नाहीत, पण काहीच न करता तिला रोज मान खाली घालून शाळेत पाठवणेही जिवावर येते. इतक्या लहान वयात मुरुम येणे स्वाभाविक आहे का, रोजच्या वापरासाठी सौम्य म्हणून नेमके काय घ्यावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मांडवीकाठ | ८ जून, रात्री १०.२०

ताई, प्रथम तो स्क्रब घरातून काढून टाका. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतो. त्याच्या कपाळावर, डोक्याला बांधायच्या पट्टीच्या बरोबर खाली पुळ्यांची रांग उठत असे. खेळून आल्यावर लगेच साध्या पाण्याने तोंड धुणे आणि ती पट्टी रोजच्या रोज धुणे, एवढ्या दोन गोष्टींनी अर्धाअधिक फरक पडला. पट्टी घामट राहून कपाळावर घासत होती, हे आमच्या लक्षातच आले नव्हते.

सुरंगी | ९ जून, सकाळी ७.१०

मी त्वचारोगतज्ज्ञ असून उत्तर गोव्यात व्यवसाय करते. मुलीला न पाहता निदान करणे योग्य नाही, तरी आपल्या वर्णनावरून काही गोष्टी स्पष्टपणे सांगता येतील.

घामोळे आणि मुरुम यांतला फरक आधी पाहू. घामोळ्यांना टोचल्यासारखी खाज असते, अंगाला हवा लागली की ती काही दिवसांत बसतात आणि त्यांच्यात काळे ठिपके कधीच नसतात. नाकालगतचे काळे ठिपके हीच मुरुमांची सर्वांत खात्रीची खूण आहे. ते ठिपके म्हणजे मळ नव्हे. त्वचेच्या छिद्रात साचलेले तेल आणि मृत पेशी यांच्या तोंडाशी असलेले रंगद्रव्य आणि हवेमुळे बदललेले तेल यांनी तो काळा रंग येतो. त्यामुळे कितीही घासले तरी तो 'निघत' नाही. कपाळावर आणि छातीवर अगदी एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील, तर दमट हवेत वाढणाऱ्या यीस्टचा विचार करावा लागतो आणि त्याचे औषध वेगळे असते. मोत्यासारखा चकचकीत फोड मध्यभागी खळगा पडलेला असेल, तर तो विषाणूचा असू शकतो. शिवाय आपल्याकडे मार्च ते मे या काळात मी हमखास विचारते, की मुलाने काजूच्या बिया भाजल्या किंवा फोडल्या का आणि आंबा देठाजवळ चावून खाल्ला का. काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याचा चीक यांनी भाजल्यासारखे डाग उठतात आणि पुष्कळ घरांत त्यांवर मुरुमांचे मलम लावले जाते.

आता वयाविषयी. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात पुरुषी गुणधर्माची संप्रेरके थोडी थोडी स्रवू लागतात. हे मुलींमध्येही घडते. त्यांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी जाग्या होतात, म्हणून सात ते अकरा या वयात कपाळ आणि नाक इथे बारीक पुटकुळ्या येणे स्वाभाविक मानले जाते. पुष्कळदा वयात येण्याचे ते पहिलेच चिन्ह असते. याउलट एक ते सात या वयात मुरुम आले, किंवा मुलीमध्ये आठ आणि मुलामध्ये नऊ वर्षांच्या आधीच वयात येण्याची इतर लक्षणे दिसू लागली, तर मात्र थांबू नये. आपल्या मुलीच्या बाबतीत तशी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपली त्वचा सावळी आहे. अशा त्वचेला कोणताही त्रास झाला, मग तो पुळीचा असो, नखाचा असो किंवा तिखट औषधाचा, की ती तिथे जास्त रंगद्रव्य तयार करते आणि काळा डाग मागे राहतो. पुळी आठवड्यात बसते, परंतु डाग कित्येक महिने राहतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील ज्या डागांमुळे चिंतेत असतात, ते मुरुमांपेक्षा मुरुमांवर केलेल्या उपायांचे असतात. लिंबाचा रस, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि खरखरीत स्क्रब हे चारही त्यात येतात. म्हणून या वयात 'सौम्य' हा शब्द मी उपचाराचाच भाग मानते.

रोजच्यासाठी दोनच वेळा, सकाळी आणि रात्री, कोमट पाण्याने तोंड धुवावे. खेळून घाम आला तर आणखी एकदा. नेहमीचा साबण क्षारधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास जातो, तर त्वचेचा ५ च्या जवळपास असतो. साबणानंतर तोंड ताणल्यासारखे वाटते ते त्यामुळेच. त्याऐवजी सिंडेट, म्हणजे साबणविरहित, प्रकारची वडी किंवा सेटाफिलसारखे फेस न करणारे, बिनसुगंधी क्लीन्झर घ्यावे. ते बोटांनीच लावावे आणि मऊ पंचाने टिपून घ्यावे, पुसू नये. त्वचा कोरडी पडत असेल तरच हलके, पाण्यासारखे पातळ मॉइश्चरायझर लावावे. आपल्या दमट हवेत जाड क्रीमची गरज क्वचितच पडते. उन्हात जाताना झिंक ऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे, कारण ऊन लागले की डाग आणखी गडद होतात. एवढ्या तीन वस्तूंपलीकडे या वयात काही लागत नाही.

भाचीच्या यादीबद्दल एवढेच सांगते, की अमेरिकेत २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७ ते १८ वयाच्या मुली टिकटॉकवर दाखवत असलेल्या अशा दिनचर्या तपासल्या गेल्या. त्यांत सरासरी सहा वस्तू होत्या आणि सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रफितींमध्ये त्वचेला त्रास देऊ शकतील असे सरासरी अकरा घटक आढळले. सनस्क्रीन मात्र दिवसाच्या दिनचर्यांपैकी जेमतेम चौथाईंत होते. सुरकुत्यांसाठी बनवलेली रसायने साडेदहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर लावण्याचे काहीच प्रयोजन नाही.

सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही, गाठी किंवा खड्डे दिसू लागले किंवा मूल मनाने खचू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) बाह्यरुग्ण विभागात त्वचारोगाची तपासणी होते, खासगीतच गेले पाहिजे असे नाही.

अबोली_फोंडा | ९ जून, दुपारी ३.३०

सुरंगीताई, एवढ्या आस्थेने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आपले वाचून झाल्यावर मी मुलीच्या उशीचा अभ्रा पाहिला. त्यावर, डोके टेकते तिथे, बशीएवढा पिवळट तेलकट डाग होता. आजोळी माझी आई रोज रात्री तिच्या केसांना घाण्यावरचे खोबरेल चोपडून लावत असे आणि घरी आल्यावरही मी तेच चालू ठेवले आहे, कारण तिचे केस लांब आहेत. पुटकुळ्या नेमक्या केसांच्या रेषेलगत आहेत. हे दोन्ही जोडून पाहावे का?

सुरंगी | ९ जून, रात्री ८.५०

अवश्य जोडून पाहावे. केसांचे तेल कपाळावर उतरून छिद्रे बुजतात आणि त्यातून केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या उठतात, हा प्रकार आम्हाला चांगलाच परिचयाचा आहे. तेल बंद करण्याची गरज नाही. आठवड्यातून एक-दोनदा, न्हाण्याच्या तास-दोन तास आधी, फक्त केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत लावावे आणि त्याच दिवशी केस धुऊन टाकावेत. तेल लावून झोपू नये. अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदलावा.

आजी_डिचोली | १० जून, सकाळी ११.०५

मी सत्तरीची आहे, आणि तेलाचे वाचून मला थोडे वाईट वाटले, ते स्पष्टच सांगते. आम्ही जन्मभर खोबरेल लावले आणि आमची तोंडे काही खराब झाली नाहीत. पण खरे सांगायचे तर आमच्या वेळी डोक्याला तेल लावले की रिठा किंवा शिकेकाई लावून, चुलीवर तापवलेल्या पाण्याने डोके न्हायचे. तेल लावून तसेच झोपायची चाल आमच्या घरात नव्हती. तेव्हा डॉक्टरीणबाई सांगतात ते आमच्या रीतीला सोडून नाही. अबोली, आईला सांगताना तिच्या तेलामुळे झाले असे म्हणू नकोस. तेल केव्हा लावायचे तेवढेच बदलायचे आहे, असे सांग. एक शंका मात्र विचारते: दिवाळीत नरकासुराच्या पहाटे आम्ही सगळ्या मुलांना उटणे लावतो, ते तरी चालेल का?

सुरंगी | १० जून, दुपारी १.४०

आजी, आपण फार महत्त्वाचा भेद दाखवून दिलात. उटणे हातापायांना, पाठीला आनंदाने लावा. मुरुम असलेल्या तोंडावर मात्र ते चोळू नका. त्यातले जाडेभरडे पीठ पुळी फोडते आणि सुगंधी द्रव्ये झोंबतात. हळदीचेही तसेच आहे. बाजारातल्या हळदीत काय मिसळले आहे ते आपल्याला ठाऊक नसते, आणि साय तर तेलकटच असते.

पोफळीचे_पान | १२ जून, रात्री ९.१५

हा धागा वाचल्यावर आमचा अनुभव लिहिणे मला कर्तव्य वाटते. माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना त्याच्या गालांवर मुरुम आले. मी एका फार्मसीत जाऊन "मुलाच्या पुळ्यांसाठी काहीतरी द्या" म्हणून मागितले आणि काउंटरवरच्या माणसाने एक छोटी ट्यूब हातात ठेवली. चौथ्या दिवशी चेहरा स्वच्छ! मला इतका आनंद झाला, की मी आणखी तीन ट्यूब आणून ठेवल्या आणि शेजाऱ्यांनाही नाव सांगितले.

तीन महिन्यांनी गाल कायमचे लाल दिसू लागले, त्यांवर बारीक लव आली आणि उन्हात उभे राहिले की आग होऊ लागली. एक दिवस मलम लावायचे राहिले की दुसऱ्या सकाळी पहिल्यापेक्षा जास्त पुळ्या. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली, चष्मा वर करून बारीक अक्षरे वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवले: क्लोबेटासोल. ते तीव्र स्टेरॉइड होते, सोबत बुरशीचे आणि जंतूंचे औषध मिसळलेले. मलम थांबवल्यावर पहिले काही आठवडे मुलाचा चेहरा इतका बिघडला, की तो शाळेत जायला तयार नसे. त्वचा पूर्ववत व्हायला जवळजवळ वर्ष गेले. मी त्या माणसाला दोष देण्यापेक्षा स्वतःला जास्त देतो, कारण ती ट्यूब मी वाचलीच नव्हती.

वजनकाटा | १२ जून, रात्री १०.४०

मी बार्देश तालुक्यात फार्मसी चालवते आणि वरील प्रतिसाद वाचून मान खाली गेली. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये आणले. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकणे कायद्याने मना आहे, तरीही ती विकली जातात. घरात एखादी ट्यूब असेल तर तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी शब्द आहे का ते पाहावे, आणि असल्यास डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलाच्या तोंडाला लावू नये. आधीपासून लावत असाल, तर मनाने एकदम बंदही करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे.

लेबलांविषयीही थोडे सांगते, कारण गिऱ्हाईक रोज विचारते. 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रे न बुजवणारे. परंतु या शब्दामागे कायद्याने ठरवलेली चाचणी नाही, त्यामुळे त्याकडे शिफारस म्हणून पाहावे, हमी म्हणून नव्हे. 'फ्रेग्रन्स फ्री' आणि 'अनसेंटेड' हे एकच नव्हेत. दुसऱ्या प्रकारात मूळ वास लपवण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून मुलांसाठी पहिला शब्द शोधावा. घटक साधारणपणे जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, तेव्हा नारळाचे तेल किंवा सुगंध वरच्या ओळीत दिसला तर ती बाटली परत ठेवावी. आखातातून मामा-काका जी क्रीम आणतात आणि ज्यांच्यावरची अक्षरे घरात कुणालाच वाचता येत नाहीत, ती तर मुलांच्या चेहऱ्यापासून दूरच ठेवावीत. नवी वस्तू आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला पाच-सहा दिवस लावून पाहावी. आणि महाग म्हणजे सौम्य असे मुळीच नाही. माझ्याकडे सर्वांत जास्त परत येणाऱ्या तक्रारी महागड्या, सुवासिक फेसवॉशच्याच असतात.

मांडवीकाठ | १३ जून, सकाळी ८.००

खाण्यापिण्याचे काय? माझी आई मुलाला तळलेले आणि आंबे दोन्ही देत नाही.

सुरंगी | १३ जून, रात्री ९.३०

आंब्याने किंवा तळणाने मुरुम येतात असे सिद्ध झालेले नाही. साखर आणि मैद्याचे पदार्थ भरपूर खाणे आणि काही जणांत दूध, यांचा मुरुमांशी संबंध दिसला आहे, पण तो इतका बळकट नाही की वाढत्या मुलाचे दूध तोडावे. बाटलीतली गोड पेये कमी करावीत. पोदेराकडून (पाववाल्याकडून) मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई घेतली तर चांगलेच. मानकुराद आंबा मात्र सुखाने खाऊ द्या, फक्त चीक तोंडाला लागू देऊ नका.

अबोली_फोंडा | २० सप्टेंबर, रात्री ९.१०

साडेतीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण अर्धवट राहिलेले धागे वाचताना मलाच फार चुटपुट लागते.

जूनमध्ये आम्ही घरातल्या सर्व बाटल्या एका पिशवीत घालून भाचीला परत दिल्या. मी मुलीला सोबत घेऊन बसले, बिनसुगंधी क्लीन्झर आणि सनस्क्रीन दोन्ही तिलाच निवडू दिले आणि लेबल तिच्याकडूनच वाचून घेतले. 'फ्रेग्रन्स' हा शब्द शोधण्याचा तिला आता नादच लागला आहे. तेल शनिवारी सकाळी लावून दुपारी धुतो. माझ्या आईला आजींनी सांगितल्याप्रमाणेच सांगितले आणि तिने ते मनाला लावून घेतले नाही.

केसांलगतच्या पुटकुळ्या सहा-सात आठवड्यांत जवळजवळ गेल्या. नाकावरचे काळे ठिपके आणि हनुवटीवरच्या पुळ्या मात्र राहिल्या, म्हणून जुलैअखेर बांबोळीला गेलो. तिथे एक दिवसाआड रात्री लावण्यासाठी अडापॅलीन ०.१ टक्का जेल आणि फक्त लाल पुळ्यांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के दिले. जास्त टक्क्यांच्या औषधाने गुण फारसा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो, असे तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढेच जेल घ्यायचे, तेही तोंड धुऊन पूर्ण कोरडे झाल्यावर. पहिल्या पंधरवड्यात त्वचा थोडी सोलली आणि ती घाबरली, पण मॉइश्चरायझर आधी लावून वर जेल लावल्यावर ते थांबले. शाळेच्या निळ्या टॉवेलावर मात्र पांढरे डाग पडले. हे पेरॉक्साइड कपड्याचा रंग काढते, हे आम्हाला नंतर कळले.

चवथीला घर भरलेले होते. माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीखाली, सगळे जमलेले असताना एका मावशीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि "अगो, हे काय झालंय तुला?" म्हणून विचारले. मी पुढे होणार, तोच ती शांतपणे म्हणाली, "मुरुम आहेत मावशी, औषध चालू आहे, हात लावू नकोस." आणि ती पातोळ्यांसाठी हळदीची पाने पुसायला आजीजवळ जाऊन बसली. केस तिने त्या दिवशी मागे बांधले होते.

आता नव्या पुळ्या फारशा येत नाहीत, हनुवटीवर दोन तपकिरी डाग तेवढे उरले आहेत. पुढची तारीख ऑक्टोबरमध्ये आहे. सुरंगीताई, चेहरा स्वच्छ दिसतो आहे म्हणून तोवर जेल थांबवले तर चालेल का?

सुरंगी | २१ सप्टेंबर, सकाळी ७.२५

थांबवू नका. हे जेल नवी छिद्रे बुजू देत नाही, त्यामुळे दिसणाऱ्या पुळ्या गेल्यावरही ते काही महिने चालू ठेवावे लागते. किती दिवस ते ऑक्टोबरच्या भेटीत ठरवतील. डाग ऊन टाळल्यास हळूहळू फिके होतील, त्यांच्यासाठी वेगळे मलम आणू नका. टॉवेल आणि अभ्रे मात्र पांढरेच वापरा.